शटरचं घर

तेहेतीस वर्षं नर्मदेच्या लाइनीवर ओव्हरसियर होतो,
त्यामुळे घर बघायला जाताना खिशात टेप असतेच.

बायपासवरचा दलाल म्हणाला, "अंकलजी, यहाँ की फीलिंग ही अलग है."
मी बाथरूमचं दार मोजलं. सत्तावीस इंच.
चाकाची खुर्ची पंचवीस,
शिवाय ती फिरवणाऱ्याची बोटं, दोन्ही बाजूंना.
वहीत लिहिलं : बोटं सोलणार.

शरयूनं काहीच मोजलं नाही.
कमोडशेजारी लाल दोरी होती, ओढली की नर्स येते.
तिनं विचारलं, "आणि नाही ओढता आली, तर?"
दलाल हसला. ब्रोशरमधली दोघं तर केव्हाची हसत होती,
दात आमच्याहून तीस वर्षांनी लहान.

मग वृद्धनिवास. एक कॉट, अर्धं कपाट,
यादीत आमचा नंबर एक्केचाळीस.
व्यवस्थापिका आवाज खाली आणून म्हणाल्या,
"फार थांबावं लागत नाही हो."
परतताना रिक्षात आम्ही दोघंही
सिग्नलचे आकडे वाचत बसलो.

केतकीनं पुण्याहून फोनवर खोली फिरवून दाखवली :
खिडकी, ट्रेडमिल, उघडायचे राहिलेले खोके.
शरयू म्हणाली, "छान आहे."
तिच्या 'छान'चे प्रकार मला ठाऊक आहेत.
हे पाहुण्यांचं छान होतं.

राहिला आमचाच तिसरा मजला, लोकमान्यनगरातला.
अठ्ठेचाळीस पायऱ्या, साडेसात इंची,
शेवटची तेवढी नऊ, कुणा मिस्त्रीला घरी जायची घाई झालेली.
ती दीड इंचाची घाई शरयूच्या गुडघ्याला अंधारातही सापडते.
दिवाळीला वर गेली ती संक्रांतीला उतरली.
मधले दिवस दोरीला टोपली :
मेथी वर येई, जीरावणाची पुडी वर येई,
खाली पाठवायला आमच्याकडे काही नसे.

चैत्रात तळमजल्याच्या अकीलमास्टरांनी दुकान हलवलं.
अकरा बाय अठरा. मागे नळ, संडास. पुढे शटर.
मी गमतीत म्हणालो.
तिनं गमतीत घेतलं नाही.

वरचं घर शिकणाऱ्या चार पोरांना दिलं,
ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी खातात.
सोसायटीचे चिटणीस म्हणाले, दुकानात राहणं नियमात बसत नाही,
आणि नियम शोधायला गेले.
अजून आलेले नाहीत.

उंबरा चार इंच होता. फोडून चार फुटांचा उतार केला,
बाराला एक, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.
शटर मात्र आम्हाला उचलवत नाही.
सकाळी आतली कडी मी काढतो,
कचऱ्याच्या गाडीवरचा सोनू बाहेरून ते वर ढकलतो,
"आईसाब, सुबह हो गई!"
रात्री वरच्या पोरांपैकी कुणीतरी खाली ओढतं,
परीक्षा असली की जरा उशिरा.

एकदा मी मुद्दाम कडी काढली नाही.
घड्याळ घेऊन पलंगावर बसलो.
तिसऱ्या मिनिटाला सोनू ठोकायला लागला,
पाचव्याला दूधवाला, सहाव्याला जिन्यावर आठ पाय,
नवव्याला कुणीतरी पहार आणा म्हणालं.
मी उघडलं. सगळ्यांसमोर शरयूनं मला जे ऐकवलं
ते वहीत लिहिलेलं नाही.
नऊ मिनिटं, एवढंच लिहिलंय.

पाटी अजून अकीलमास्टरांचीच आहे.
परवा एक मुलगा आत आला, पँट पुढे केली,
"भिया, लंबाई कम करनी है."
मी सांगायला तोंड उघडलं, तोवर शरयूनं
भिंतीकडच्या मशीनवरचा टॉवेल काढला होता.
मग काय, पाइपांच्या टेपनं मोजलं त्याला, घोट्यापर्यंत.
"कब मिलेगी?"
शरयूनं कॅलेंडरकडे बघितलंसुद्धा नाही.
"मंगळवारी," म्हणाली मराठीतच,
जणू मंगळवार घरातच आहे,
घडी घालून, गादीखाली.